सही कोणाची, जबाबदारी कोणाची?

‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ ही म्हण आपण सगळ्याजणी लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हण खरीच आहे. पण एक गंमत बघा मैत्रिणींनो, लग्न ठरवताना आपण किती चौकशा करतो! मुलाचं शिक्षण, नोकरी कायम आहे की नाही, घरी कोण कोण, स्वभाव कसा, कुणाकुणाकडून म्हणून माहिती काढतो. आणि घर बांधायला काढलं की? ‘काम कुणाला दिलंत हो?’ असं विचारलं तर उत्तर येतं, ‘ह्यांच्या ओळखीचे आहेत ना एक, त्यांना. रेटही कमी लावलाय.’ झाली चौकशी, संपला विषय!

दिवाळी झाली की आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांत बांधकामांना जोर चढतो. पाऊस यायच्या आत स्लॅब पडला पाहिजे आणि अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत झाली पाहिजे, अशी घाई असते. या दिवसांत घरोघरी बायकांच्या गप्पा चालतात त्या ओट्याच्या ग्रॅनाइटच्या, टाइल्सच्या, देवघर कुठल्या कोपऱ्यात करायचं याच्या. ठेकेदाराशी बोलणी मात्र पुरुषमंडळी करतात. अंगणात खुर्च्या टाकून चहा होतो, चौरस फुटाचा भाव ठरतो, हजार-पाचशे कमी-जास्त होतात आणि ‘शब्द म्हणजे शब्द’ असं म्हणून उठतात. चहाचे कप उचलायला बाहेर आलेल्या घरच्या बाईने ‘तुमच्याकडे परवाना आहे का? मजुरांचा विमा काढलाय का?’ असं विचारलेलं मी तरी फार वेळा पाहिलेलं नाही. विचारलंच तर लगेच ऐकायला मिळतं, ‘तुला काय कळतंय त्यातलं?’

खरं तर कळायला हवं ते आपल्यालाच. कारण त्या घरात दिवसातले सर्वात जास्त तास आपण असतो. ओल्या हाताने मिक्सर, मोटर, इस्त्री, वॉशिंग मशीन चालवणाऱ्या आपण. पैसे कमी पडले की पाटल्या आणि मंगळसूत्राच्या वाट्या गहाण पडतात त्याही आपल्याच. मग घराच्या व्यवहारातले चार शब्द समजून घ्यायला हरकत काय?

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करते. परदेशात काही ठिकाणी घर बांधणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराला सरकारी परवाना लागतो. आपल्याकडे खासगी घर बांधणाऱ्या गवंड्याला किंवा ठेकेदाराला तसा सरसकट परवाना लागत नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यात ठेकेदारांची नोंदणी असते, ती सरकारी कामांसाठी. पण म्हणून आपल्या घराला काहीच नियम नाही असं मुळीच नाही. तीन जागा अशा आहेत जिथे कुणीतरी कागदावर जबाबदार असायलाच पाहिजे. एक, घराचा नकाशा आणि आरसीसीचं डिझाइन. दोन, वीज. आणि तीन, कामावरचे मजूर. या तिन्ही जागी कोणाची सही आहे आणि त्या सहीमागे माणूस उभा आहे का, एवढं पाहिलं तरी निम्मी लढाई जिंकली.

विजेपासून सुरुवात करते, कारण ती दिसत नाही आणि सगळ्यात लवकर जीव घेते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत विजेचा धक्का लागून मरणाऱ्यांचा आकडा देशभरात दरवर्षी दहा हजारांच्या वर असतो. यात शेतातले, खांबावरचे, रस्त्यावरचे मृत्यू आहेत, तसे घरातलेही आहेत.

आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगते. नवं घर झालं, हौसेने वॉशिंग मशीन घेतलं, मागच्या मोरीत ठेवलं. पहिल्या आठवड्यापासून मशीनला हात लावला की तिला झिणझिण्या यायच्या. घरात सांगितलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, ‘चपला घालून लावत जा.’ बिचारी वर्षभर चपला घालून कपडे धूत होती! एक दिवस तिची धाकटी मुलगी अनवाणी गेली आणि फेकली गेली. नशीब चांगलं, हातावर निभावलं. मग एका परवानाधारक वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडून दाखवला. थ्री पिनच्या वरच्या मोठ्या भोकाला मागून वायरच जोडलेली नव्हती. अर्थिंगचा खड्डा तर घराभोवती कुठेच नव्हता. पण वीज कनेक्शन घेताना दिलेल्या टेस्ट रिपोर्टवर मात्र ‘अर्थिंग ठीक’ असं लिहून ठेकेदाराचा शिक्का आणि सही होती!

हे कसं झालं? सरळ आहे. फिटिंग केलं गल्लीतल्या एका पोराने. हाताखाली काम करून शिकलेला, पण परवाना नाही. आणि टेस्ट रिपोर्टवर सही केली दुसऱ्याच एका परवानाधारक ठेकेदाराने, थोडे पैसे घेऊन. त्याने ते घर कधी पाहिलेलंही नव्हतं. भिंतीत एकाची वायर आणि कागदावर दुसऱ्याची सही. हा प्रकार आपल्या गावागावांत इतका रुळलाय की त्यात काही चूक आहे असं कुणाला वाटतही नाही.

म्हणून अर्थिंग म्हणजे काय हे प्रत्येकीने एकदा समजून घ्यावं. मशीनच्या, फ्रिजच्या, गिझरच्या आत कुठे वायर सोलली गेली की वीज त्याच्या लोखंडी अंगावर उतरते. त्या विजेला जमिनीत जायला जी वाट करून दिलेली असते ती अर्थिंगची वायर. ही वाट नीट असली की वीज तिकडून जमिनीत जाते आणि फ्यूज किंवा एमसीबी पडतो. वाटच नसली तर ती तुमच्या अंगातून वाट काढते. थ्री पिनची वरची पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते ती याचसाठी, म्हणजे प्लग लावताना सगळ्यात आधी अर्थिंग जोडलं जावं. आपण मात्र तीच पिन काढून टाकतो किंवा टू पिनमध्ये काडी घालून भागवतो.

दुसरी गोष्ट, नुसत्या एमसीबीने माणूस वाचेलच असं नाही. एमसीबी असतो तो मुख्यतः वायर जळू नये म्हणून. माणसाच्या अंगातून वीज जमिनीत जाऊ लागली तर क्षणात पुरवठा तोडणारं वेगळं उपकरण असतं, त्याला आरसीसीबी म्हणतात. घरासाठी ३० मिलीअँपिअरचं बसवतात. त्यावर ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण असतं. ते अधूनमधून दाबून पाहायचं, वीज गेली म्हणजे उपकरण चालू आहे. एका बऱ्यापैकी साडीच्या किमतीत हे येतं. दिवाणखान्याच्या पीओपीत याच्या कितीतरी पट पैसे जातात, पण मोरीतल्या जिवासाठी हे उपकरण कुणाच्या यादीत नसतं.

कायदा काय सांगतो? विजेचं फिटिंग, वाढीव काम, बदल हे परवानाधारक इलेक्ट्रिकल ठेकेदाराकडून आणि पात्र सुपरवायझरच्या देखरेखीखाली व्हायला हवं, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांचा दंडक आहे. नुसता दिवा बदलणं, फ्यूज बदलणं अशी किरकोळ कामं सोडून. परवाना राज्य शासनाकडून मिळतो. ठेकेदाराचा वेगळा, सुपरवायझरचा वेगळा, वायरमनचा वेगळा. त्यावर नंबर असतो आणि मुदत असते. मुदत संपली की नूतनीकरण करावं लागतं. तेव्हा परवाना पाहताना तारीखही पाहायची. आणि टेस्ट रिपोर्टवर सही करणाऱ्याला सांगायचं, ‘दादा, घरी या, मेगर लावून दाखवा, अर्थिंग मोजून दाखवा, मग सही करा.’ मेगर म्हणजे वायरीचं आवरण नीट आहे का ते तपासायचं यंत्र. खरा ठेकेदार या मागणीला नाही म्हणत नाही. जो टाळाटाळ करतो त्याची सही काय किमतीची, ते तिथेच कळतं.

आता दुसरी जागा, मजूर. ही गोष्ट तर आपण डोळ्यांनी पाहूनही पाहत नाही. पायात चप्पल नसलेली बाई डोक्यावर घमेलं घेऊन वर चढते, सेंट्रिंगवाला पोरगा बांबूच्या परांचीवर एका हाताने लोंबकळत असतो आणि आपण खालून म्हणतो, ‘जपून रे बाबा.’ पण तो पडला तर?

आमच्याच भागात घडलेली गोष्ट आहे. एका निवृत्त शिक्षकांच्या घराचा दुसऱ्या मजल्याचा स्लॅब चालू होता. पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक बिगारी वरून पडला. पाठीच्या मणक्याला मार लागला. ठेकेदार पहिले दोन दिवस दवाखान्यात आला, तिसऱ्या दिवसापासून त्याचा मोबाइल बंद. करारपत्र नाही, मजुरांची यादी नाही, विमा नाही. पोलीस आले, पंचनामा झाला. दवाखान्याचं बिल गुरुजींनी भरलं, त्यांच्या पत्नीने दागिने गहाण टाकले. माणुसकीने केलं त्यांनी, त्यांचं कौतुकच आहे. पण त्या मुलाचं काय? तो पुन्हा घमेलं उचलू शकला नाही. त्याची बायको आज चार घरची धुणीभांडी करते. गुरुजींचं घर अर्धवट राहिलं आणि त्या मुलाचा संसार मोडला. इथे विम्याची एक पॉलिसी असती तर दोन्ही घरं सावरली असती.

कामावर असताना इजा झाली किंवा मृत्यू आला तर भरपाई द्यायची हा कायदा आपल्याकडे नवा नाही. तो १९२३ सालचा आहे, इंग्रजांच्या काळातला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण मूळ तत्त्व तेच आहे, की ज्याने कामावर ठेवलं त्याने भरपाई द्यायची. ही रक्कम किती होते याची कल्पना यावी म्हणून सांगते. १९२३ च्या कायद्यात २०२० पासून हिशेबासाठी महिना १५,००० रुपयांपर्यंतचं वेतन धरलं जाई. त्या हिशेबाने ३० वर्षांच्या मजुराच्या मृत्यूची भरपाई साडेपंधरा लाखांच्या पुढे जाते. गावातला कुठला छोटा ठेकेदार एवढी रक्कम खिशातून देणार आहे? देऊच शकत नाही. म्हणून तर विमा असतो. विमा कंपन्यांकडे मजुरांच्या भरपाईसाठी खास पॉलिसी मिळते आणि ती एखाद्या कामापुरतीही काढता येते.

आणि ‘कामावर ठेवणारा कोण’ हा प्रश्नही सोपा नाही. ठेकेदाराबरोबर लेखी करार नाही, रोजचा पगार आपणच मजुरांच्या हातावर टेकवतो, उद्या कुणी कुठे उभं राहायचं तेही आपणच सांगतो, अशी परिस्थिती असेल तर ठेकेदार खुशाल म्हणेल, ‘मी कोण? मी तर नुसता मिस्त्री. मालक ते.’ लेखी करार असेल तर असं अंग काढून घेणं त्याला जड जाईल.

याशिवाय दोन गोष्टी आपण स्वतः करून घेऊ शकतो. एक म्हणजे महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे मजुरांची नोंदणी. वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र त्यासाठी लागतं आणि आपले ठेकेदार नेमका तोच कागद द्यायला नाखूष असतात. तो द्यायला लावायचा. दुसरी म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. २०२२ पासून तिचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण मिळतं. १८ ते ७० वर्षं वयाच्या आणि बँकेत खातं असलेल्या कुणालाही काढता येते. वीस रुपयांत हल्ली दोन कप चहा येतो! मजुरांच्या बायकांना बँकेत घेऊन जाऊन हे फॉर्म भरून देणं, हे काम आपले बचत गट सहज करू शकतात. अर्थात, २ लाखांची ही योजना म्हणजे ठेकेदाराच्या जबाबदारीला पर्याय नव्हे, हेही लक्षात ठेवायचं.

आता यावर नेहमीचा प्रश्न येतो. ‘अहो, आमचा मिस्त्री वीस वर्षांचा अनुभवी आहे. कागद असलेल्यांपेक्षा चांगलं काम करतो.’ मला हे मान्य आहे. आपल्याकडचे जुने गवंडी विटेला हात लावून ती कच्ची की पक्की सांगतात. त्यांचा मान ठेवलाच पाहिजे. पण हुशारी वेगळी आणि जबाबदारी वेगळी. कॉलममध्ये किती मिलिमीटरची किती सळी घालायची, हे मिस्त्रीने अंदाजाने ठरवायचं नसतं, ते इंजिनिअरने हिशेब करून ठरवायचं असतं. मिस्त्री आपल्या पसंतीचा जरूर ठेवा, पण डिझाइन आणि देखरेख नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअरची हवी. आणि तोही नुसता नगरपालिकेत नकाशा मंजूर करून देणारा नको. फुटिंग, प्लिंथ आणि स्लॅबच्या सळ्या बांधून झाल्या की काँक्रीट ओतण्याआधी साइटवर येऊन पाहणारा हवा.

कुणी असंही म्हणेल, की कागद असूनही इमारती पडतातच की! खरं आहे. महाडला २४ ऑगस्ट २०२० ला तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ जणांचा जीव गेला. इमारतीला दहा वर्षंही झाली नव्हती. तिथे बिल्डर होता, आर्किटेक्ट होता, आरसीसी सल्लागार होता. कागद होते. पण त्या सह्या कागदावर होत्या म्हणूनच बिल्डर, आर्किटेक्ट, सल्लागार आणि पालिकेच्या अधिकाऱ्यांवर गुन्हा दाखल करता आला, जाब विचारायला माणसं तरी सापडली. कागद काही भिंत धरून ठेवत नाही. पण कागदच नसेल तर पडलेल्या भिंतीचा जाब विचारायचा कुणाला, नशिबाला?

फ्लॅट घेणाऱ्यांना, प्रकल्प रेराच्या कक्षेत येत असेल तर, २०१७ पासून थोडा आधार आहे. बांधकामातला मोठा दोष ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत निघाला तर बिल्डरला तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो. पण स्वतःच्या प्लॉटवर स्वतःचं घर बांधणाऱ्याला रेरा नाही. त्याला आधार दोनच. त्याने लिहून घेतलेला करार आणि ग्राहक संरक्षण कायदा. घरबांधणी ही ग्राहक कायद्याप्रमाणे सेवा आहे. काम निकृष्ट झालं तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पण तिथे पहिला प्रश्न विचारतात, ‘पैसे दिल्याचा पुरावा काय?’ रोख दिले, पावती नाही, वहीवर सही नाही, मग काय दाखवणार?

म्हणून मैत्रिणींनो, घरच्या पुरुषमंडळींशी भांडू नका, पण बोलणीच्या वेळी खुर्ची टाकून बसा. करारात काय काम, कोणत्या दर्जाचं सामान, किती महिन्यांत, कोणत्या टप्प्याला किती पैसे, हे सगळं लिहून घ्या. मजुरांच्या अपघाताची जबाबदारी आणि विमा ठेकेदाराचा, हे वाक्य त्यात हवंच. विमा काढला असं नुसतं म्हणाला तर पॉलिसीची प्रत मागा, त्यावरची तारीख आपलं काम संपेपर्यंतची आहे का पाहा. पैसे शक्यतो बँकेतून द्या. रोख दिले तर तारीख घालून सही घ्या. शेवटचा छोटा हप्ता एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. गळती कुठे आहे ते पाऊसच सांगतो. आणि वायरिंग भिंतीत बुजवण्याआधी सगळ्या भिंतींचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. उद्या खिळा कुठे मारायचा तेही कळेल आणि वायर कुणी कशी टाकली तेही.

हे सगळं केलं तर खर्च थोडा वाढतो, ते खोटं बोलणार नाही. विम्याचा हप्ता ठेकेदार शेवटी आपल्याकडूनच वसूल करणार. इंजिनिअरची फी लागणार. ज्यांचं घर पै-पै जमवून, कर्ज काढून उभं राहतंय त्यांना हा बोजा वाटणार. पण पैसे कुठे कमी करायचे हे ठरवणं तरी आपल्या हातात आहे ना? टाइल्स थोड्या साध्या घ्या, पीओपी दोन वर्षांनी करा, मॉड्युलर किचन कधीही बसवता येतं. स्लॅबच्या सळ्या, भिंतीतली वायर आणि परांचीवरच्या माणसाचा विमा हे मात्र नंतर करता येत नाही.

‘ओळखीचा माणूस आहे, त्याला कसं विचारायचं?’ हा संकोच सोडा. उलट ओळखीच्या माणसालाच आधी विचारा, म्हणजे ओळख शेवटपर्यंत टिकेल. काम बिघडल्यावर, कुणी जखमी झाल्यावर जी भांडणं होतात त्यात नाती तुटतात, कागद मागितल्याने तुटत नाहीत. एका गल्लीतल्या दहा बायकांनी विचारायला सुरुवात केली, तर अकराव्या घरी ठेकेदार आपणहून कागद घेऊन येईल.

ओट्याचा रंग, टाइल्सचं डिझाइन सावकाश ठरवू. त्याआधी चहाचा कप पुढे करतानाच शांतपणे म्हणायचं, ‘भाऊ, चहा घ्या. आणि परवाना आणलाय ना? विम्याचा कागदही दाखवा.’